आर्ट स्कूलमध्ये स्क्रीन प्रिंटिंग शिकताना: दोन रंगांचे पहिले पोस्टर

कला महाविद्यालयात नवा विद्यार्थी स्क्रीन प्रिंटिंगच्या टेबलाशी आला की त्याची नजर आधी स्क्वीजीवर (शाई ओढायच्या रबरी पट्टीवर) जाते. कधी एकदा शाई ओततो आणि रबर ओढतो, असे होते. प्रत्यक्ष छपाई मात्र या कामातला छोटा भाग आहे. वीस-पंचवीस प्रती मारायला एका रंगाला तास-दीड तास लागतो. पॉझिटिव्ह (चित्राची काळी प्रत), जाळी, इमल्शन (उजेडाने कडक होणारा लेप), सुकवणे आणि एक्स्पोजर (त्या लेपाला उजेड देणे) यांत आधीचे दोन-तीन दिवस जातात. कागदावर दिसणाऱ्या बहुतेक चुका त्या दोन-तीन दिवसांत होऊन गेलेल्या असतात. म्हणून प्रिंट बिघडली की शाईला दोष देण्याआधी एकेक पायरी मागे जाऊन पाहायची सवय लावून घ्यावी.

तंत्र सोपे आहे. चौकटीवर ताणलेल्या जाळीची (हीच स्क्रीन) काही छिद्रे बंद करायची, काही उघडी ठेवायची आणि उघड्या छिद्रांतून शाई खाली कागदावर ढकलायची. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने १९०७ मध्ये रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले. जाळी रेशमाची, म्हणून ‘सिल्क स्क्रीन’ हे नाव पडले. आज आपल्याकडे जाळी पॉलिएस्टरची किंवा नायलॉनची असते आणि दुकानात ती ‘बोल्टिंग कापड’ किंवा नुसते ‘कापड’ म्हणून मागितली जाते. गिरगावात खाडिलकर रोडवरच्या लग्नपत्रिका असोत की गल्लीतल्या मंडळाचे टी-शर्ट, तत्त्व तेच. फरक शाईत, जाळीच्या नंबरात आणि इमल्शनमध्ये. बाहेरच्या छापखान्यात शिकलेली युक्ती कॉलेजच्या स्टुडिओत चालेलच असे नाही, ते यामुळेच.

पुढचे सगळे एक काम समोर ठेवून लिहिले आहे: ए-३ आकाराचे (२९७ × ४२० मिमी) दोन रंगांचे पोस्टर, पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक शाईत, पंधरा प्रतींची आवृत्ती. विषय समजा चाळीच्या गॅलरीतला आकाशकंदील. पहिला रंग केशरी-पिवळा, त्यावर दुसरा गडद निळा, आणि खाली मराठी मजकुराच्या दोन ओळी.

साहित्य

फ्रेम चित्रापेक्षा बरीच मोठी लागते. बाजूंना किमान १० सेंमी आणि स्क्वीजी जिथे सुरू होते व थांबते त्या दोन टोकांना १२ ते १५ सेंमी जागा मोकळी हवी. ए-३ साठी आतून ५० × ७० सेंमीची फ्रेम चांगली. लहान फ्रेम स्वस्त पडते म्हणून घेतली, तर कडेला जाळी ताठ राहते, मध्ये लवते आणि चित्राच्या कडा फिक्या येतात. लाकडी फ्रेम धुण्याच्या पाण्याने पीळ घेते. टेबलावर पालथी ठेवून एक कोपरा दाबून पाहा. समोरचा कोपरा उचलला गेला तर ती फ्रेम दोन रंगांच्या कामाला घेऊ नका. ॲल्युमिनियमची फ्रेम मिळत असेल तर तीच घ्या.

जाळीचा नंबर म्हणजे एका सेंटिमीटरमधले धागे. काही दुकाने तो इंचात सांगतात, त्यामुळे गोंधळ होतो: ४३ म्हणजे इंचाला सुमारे ११०, ७७ म्हणजे सुमारे १९५ ते २००, ९० म्हणजे २३०, १२० म्हणजे ३०५. कापडावरच्या छपाईला ४३, कागदावर पाण्याच्या शाईला ७७ किंवा ९०, बारीक रेषांना १२०. नवशिक्याने कागदासाठी ७७ ने सुरुवात करावी. १२० च्या जाळीत पाण्याची शाई फार लवकर सुकते आणि पहिलाच अनुभव वैतागाचा होतो. पिवळी जाळी मिळाली तर उत्तम. पांढरा धागा प्रकाश आडवा पसरवतो आणि रेषांच्या कडा खातो, पिवळा तसे करत नाही. एक्स्पोजर मात्र जास्त द्यावे लागते.

स्क्वीजीची लांबी चित्राच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंमी जास्त, म्हणजे इथे ३५ सेंमीच्या आसपास. रबर मध्यम कडक, ७० शोअर (रबराच्या कडकपणाचे माप). कापडासाठी याहून मऊ, ६० ते ६५. रबराची कड काटकोनी आणि धारदार आहे का, ते बोट फिरवून पाहा. कॉलेजच्या स्क्वीजी शंभर हातांतून गेलेल्या असतात. कड गोल झाली असेल तर सपाट फळीवर पॉलिश पेपर चिकटवून, रबर उभे धरून, लांबीच्या दिशेने सारखे घासायचे.

कागद २२० ते ३०० जीएसएमचा. पंधरा चांगल्या प्रती हव्यात तर पंचवीस कागद कापा, आणि जुळणीच्या चाचण्यांसाठी वर्तमानपत्राचा कोरा कागद वेगळा. शाईचा हिशेबही आधीच करावा. ७७ च्या जाळीतून चौरस मीटरला अंदाजे २५ मिली ओली शाई उतरते. ए-३ चे क्षेत्रफळ पाव चौरस मीटरच्याही निम्मे, म्हणजे पूर्ण भरलेल्या रंगाला तीनेक मिली. तीस टक्के भाग रंगवायचा असेल तर एका प्रतीला एक मिली. पण जाळीवर स्क्वीजीपुढे शाईची लगड सतत असावी लागते, म्हणून प्रत्येक रंगाची १५० ते २०० मिली शाई एकदमच कालवून झाकून ठेवा. अर्ध्यावर शाई संपली आणि पुन्हा कालवली की तीच छटा येत नाही.

पॉझिटिव्ह: मराठी अक्षरांची खास अडचण

प्रत्येक रंगाची एक पॉझिटिव्ह: पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक कागदावर अपारदर्शक काळे. हाताने काढायची असेल तर ट्रेसिंग पेपरवर अपारदर्शक शाईने, छापायची असेल तर फिल्मवर. रंग कोणताही असो, पॉझिटिव्ह काळीच. काळे किती काळे आहे ते ट्यूबलाइटसमोर धरून तपासायचे. मागे धरलेले बोट काळ्यातून दिसले तर प्रकाशही आत जाणार. लेझर प्रिंटमध्ये हे हमखास होते. दोन प्रिंट तंतोतंत एकावर एक चिकटवल्या की काम भागते.

दोन रंग एकमेकांना जिथे भिडतात तिथे फिका रंग गडद रंगाखाली अर्धा मिमी सरकवायचा. कंदिलाचा पिवळा निळ्या बाह्यरेषेच्या आत बरोबर थांबवला, तर कागद जरासा सरकताच पांढरी फट दिसते. आधी फिका, मग गडद हा क्रमही त्यासाठीच. जुळणीच्या खुणा (बारीक अधिकचिन्हे) दोन्ही पॉझिटिव्हवर एकाच जागी, चित्राबाहेर.

आता मजकूर. देवनागरीत शिरोरेषा असते आणि ती बरोबर आडवी असते. जाळीचे धागेही आडवे-उभे. रेषा धाग्यांना समांतर आली की तिची कड धाग्याच्या पायरीवर पडते आणि छापल्यावर करवतीसारखी दिसते. रोमन लिपीत हा त्रास अक्षरागणिक तुटक असतो. आपल्याकडे तो पूर्ण ओळभर लांब रेघेवर उमटतो, त्यामुळे लगेच डोळ्यात भरतो. उपाय तीन. पॉझिटिव्ह स्क्रीनवर थोडी तिरकी, १० ते १५ अंशांत लावायची आणि छापताना कागदही तेवढाच तिरका ठेवायचा. यासाठी फ्रेम थोडी मोठी घ्यावी लागते. किंवा मजकुराच्या रंगाला ९० ची जाळी घ्यायची. किंवा इमल्शनचा थर छापील बाजूने (कागदाला टेकणाऱ्या बाजूने) अंमळ जाड ठेवायचा, म्हणजे तो धाग्यांच्या खड्ड्यांवर सपाट पूल बांधतो. तिन्ही एकत्र केले तर आणखी बरे.

बारीकपणाला मर्यादा आहे. ठिपका किंवा रेषा निदान तीन धाग्यांएवढी रुंद हवी. ७७ च्या जाळीत ती ०.४ मिमी होते, १२० मध्ये ०.२५ मिमी. अनुस्वार, रफाराचे टोक, वेलांटीची शेपटी यांची जाडी एकदा मोजून घ्या. मोठ्या मथळ्यात प्रश्न येत नाही. तारीख-वेळेच्या बारीक ओळीत ‘मंगळवार’चा ‘मगळवार’ होतो. गडद रंगात पांढरी अक्षरे सोडायची असतील तर ती आणखी जाड घ्या, कारण शाई सगळ्या बाजूंनी थोडी आत सरकते. ‘ष’, ‘क्ष’ आणि ‘श्र’ यांची पोकळी पहिल्यांदा भरते.

जाळी धुणे आणि इमल्शन लावणे

नवी जाळी स्वच्छ दिसली तरी तिच्यावर तेलकटपणा असतो. डीग्रीझरने, नसेल तर भांड्याच्या पातळ साबणाने दोन्ही बाजू मऊ ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. भांडी घासायची पावडर वापरू नका, तिचे कण जाळीत अडकतात. स्वच्छ जाळीवर पाण्याचा अखंड पडदा बसतो. थेंब फुटून बेटे तयार झाली तर तेल अजून आहे. ही पायरी टाळली की नंतर इमल्शनमध्ये ‘माशाचे डोळे’ पडतात आणि त्यातून शाई ठिबकते.

कुठले इमल्शन वापरतात ते पहिल्या दिवशीच विचारा. बाजारात अजून बायक्रोमेटचे इमल्शन मिळते, त्यात नारिंगी पूड किंवा द्रावण मिसळतात. स्वस्त आहे, झटपट आहे. पण त्यातले षटसंयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि त्वचेला कायमची ॲलर्जी देऊ शकते. शिवाय मिसळल्यानंतर ते अंधारातही आपोआप कडक होत जाते, म्हणून लावलेली स्क्रीन त्याच दिवशी एक्स्पोज करावी लागते. शिकणाऱ्याने डायझोचे इमल्शन घ्यावे. डायझोची पूड बाटलीत दिलेल्या खुणेपर्यंत पाणी घालून विरघळवायची, इमल्शनमध्ये लाकडी पट्टीने हळू ढवळायची आणि बुडबुडे बसायला काही तास ठेवायचे. डबा हलवून मिसळू नका, फेस होतो. झाकणावर तारीख लिहा. मिसळलेले डायझो खोलीच्या तापमानाला महिनाभराच्या आसपास टिकते, फ्रिजमध्ये जास्त. उन्हाळ्यात कमीच धरा. आणखी एक गोष्ट डब्यावर वाचायची: इमल्शन पाण्याच्या शाईला चालते का. नुसते सॉल्व्हंटच्या शाईसाठी बनवलेले असेल तर दहाव्या प्रतीला कडा विरघळू लागतात.

इथून पुढे पिवळा दिवा. खिडकीला पडदा, ट्यूबलाइट बंद.

कोटरमध्ये (इमल्शन लावायची पन्हळी) कपभर इमल्शन ओता. स्क्रीन भिंतीला थोडी कलती उभी करा. कोटरची कड जाळीच्या तळाशी टेकवून तो पुढे झुकवा, इमल्शन पूर्ण रुंदीत जाळीला भिडू द्या, मग सारख्या दाबाने, सारख्या वेगाने वरपर्यंत न्या. वर पोहोचल्यावर कोटर मागे झुकवून मगच उचला, नाहीतर ओघळ येतो. आधी छापील बाजूने एकदा, मग स्क्वीजीच्या बाजूने एकदा किंवा दोनदा. शेवटचा हात नेहमी स्क्वीजीच्या बाजूने, म्हणजे इमल्शन ढकलले जाऊन छापील बाजूला थर तयार होतो. उरलेले डब्यात परत, कोटर ताबडतोब धुवायचा.

सुकवताना स्क्रीन आडवी, छापील बाजू खाली. उभी ठेवली तर थर खालच्या कडेला उतरतो. पंखा चालेल. गरम हवा चालेल, पण ४० अंशांच्या वर नको. हेअर ड्रायर जवळ धरून घाई करणे हा ठरलेला घोटाळा आहे: वरची साय सुकते, आत ओल राहते. ओलसर इमल्शनला कितीही प्रकाश दिला तरी ते नीट कडक होत नाही, आणि धुताना सगळे वाहून गेले की विद्यार्थी एक्स्पोजर वाढवत बसतो. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात हे रोज घडते. जुलैत लावलेली स्क्रीन रात्रभर बंद कपाटात, शक्य असेल तर डीह्युमिडिफायर लावून ठेवा. विदर्भात मे महिन्यात हेच काम तासाभरात होते. पाठ केलेली वेळ दुसऱ्या गावी उपयोगाची नाही.

एक्स्पोजर

काळ्याखाली झाकलेले इमल्शन मऊ राहते आणि पाण्याने निघते, उजेड लागलेले कडक होऊन जाळीत बसते. पॉझिटिव्हची टोनर किंवा शाईची बाजू इमल्शनला चिकटून हवी. स्क्रीनच्या छापील बाजूवर ती अशी लावायची की आतून, म्हणजे स्क्वीजीच्या बाजूने पाहिल्यावर मजकूर सुलटा वाचता येईल. मशीनवरून निघालेली साधी, न उलटवलेली प्रिंट टोनरकडून इमल्शनवर ठेवली की हे आपोआप जमते.

मशीनमध्ये व्हॅक्यूम असेल तर चिंता नाही. नसेल तर दिव्यावर काच, काचेवर पॉझिटिव्ह, त्यावर स्क्रीन, स्क्रीनच्या आत काळ्या कापडात गुंडाळलेला फोम, वर फळी आणि वजन. काळे कापड प्रकाश परत फिरू देत नाही. पॉझिटिव्ह आणि जाळीत केसभर फट राहिली तरी उजेड कडेने शिरतो आणि बारीक रेषा बंद होतात. काच आधी पुसा, धुळीचा प्रत्येक कण पिनहोल (थरातले टाचणीएवढे छिद्र) होऊन परत भेटतो.

वेळ किती द्यायची? दुसऱ्याची वेळ घेऊ नका, पट्टीची चाचणी करा. समजा अंदाज चार मिनिटांचा आहे. चाचणीच्या स्क्रीनवर बारीक रेषा आणि अक्षरे असलेली पॉझिटिव्ह ठेवून जाड पुठ्ठ्याने एकेक पट्टी झाकत जा, म्हणजे पट्ट्यांना १, २, ३, ४, ६ आणि ८ मिनिटे मिळतील. धुण्याआधी रंग पाहा. डायझोचा पिवळेपणा प्रकाशाने उडतो. जिथून पुढच्या पट्ट्यांत रंगाचा फरक दिसेनासा होतो ती पूर्ण एक्स्पोजरची वेळ. आता धुवा. त्या पट्टीतली बारीक अक्षरे उघडली तर तीच वेळ कायम. उघडली नाहीत तर वेळ कमी करण्याआधी पॉझिटिव्हचे काळे आणि काचेचा दाब तपासा. दिवा, त्याचे अंतर, जाळीचा रंग, थरांची संख्या यांतले काहीही बदलले की चाचणी नव्याने. दिव्याचे अंतर दुप्पट केले तर वेळ चौपट लागते.

सगळे आकडे वहीत लिहा: तारीख, जाळी, थर, मिनिटे, निकाल. दुसऱ्या सत्रापर्यंत ही वही शिक्षकांपेक्षा जास्त उत्तरे देऊ लागते.

उन्हातही एक्स्पोज करता येते, पण आभाळ आणि वेळेप्रमाणे हिशेब सेकंदांवर बदलतो. आवृत्तीच्या कामाला ते नको.

धुताना स्क्रीन दोन्ही बाजूंनी लगेच ओली करा आणि मिनिटभर थांबा. मग छापील बाजूने हलक्या फवाऱ्याने चित्र उघडू द्या. जोराचा फवारा लागत असेल तर एक्स्पोजर जास्त झाले. आतली बाजू बोटाला बुळबुळीत लागली, रेषा वाहून जाऊ लागल्या तर कमी झाले. शेवटी आतल्या बाजूने पाणी मारून बुळबुळीतपणा पूर्ण काढा; तोच पातळ थर उघड्या छिद्रांत सुकून अदृश्य पडदा बनतो आणि शाई का उतरत नाही ते कळत नाही. कोऱ्या वर्तमानपत्राने टिपून सुकवा. उजेडासमोर धरून पिनहोल शोधा आणि बारीक ब्रशने इमल्शन लावून बंद करा. याला ‘टचिंग’ म्हणतात. टचिंग सुकल्यावर स्क्रीन पुन्हा उजेडात ठेवा. पाण्याच्या शाईपुढे थर जास्त टिकतो. शेवटी फ्रेम आणि जाळीच्या सांध्यावर आतून-बाहेरून टेप.

टेबलावरची मांडणी

स्क्रीन कब्जाच्या क्लॅम्पमध्ये घट्ट बसवा. हलवून पाहिल्यावर फ्रेम आडवी किंचितही सरकायला नको. जाळी आणि कागद यांत २ ते ३ मिमी अंतर हवे, त्यासाठी फ्रेमच्या पुढच्या दोन कोपऱ्यांखाली पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवा. या अंतरामुळे स्क्वीजी पुढे गेल्याबरोबर मागची जाळी कागदावरून सुटते. अंतर नसेल तर जाळी शाईला चिकटून राहते आणि कडा फराटतात. जास्त असेल तर जोर लावावा लागतो, जाळी ताणली जाते आणि चित्रच मोठे छापले जाते.

कागद बसवायला तीन टेकू: लांब कडेला दोन, आखूड कडेला एक. कागदापेक्षा थोडे जाड कार्डाचे तुकडे दुहेरी टेपने चिकटवा. दोन्ही रंगांना कागदाच्या त्याच दोन कडा टेकल्या पाहिजेत, म्हणून प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने कोपऱ्याची खूण करा. कापताना कागद कधीच अगदी काटकोनी निघत नाहीत.

दमट हवेत कागद फुगतो, कोरड्यात आक्रसतो. आज दुकानातून आणलेल्या कागदावर आज पिवळा आणि परवा निळा मारला, तर मधल्या दोन दिवसांत ए-३ चा कागद मिमीभर बदलू शकतो. गठ्ठा एक दिवस आधी उघडा करून स्टुडिओत ठेवा. पावसाळ्यात दोन्ही रंग शक्यतो एकाच दिवशी मारा.

छपाई

शाईत ५ ते १० टक्के रिटार्डर (शाईचे सुकणे लांबवणारे द्रव्य) मिसळा, कडक उन्हाळ्यात वरची मर्यादा. शाई दह्यासारखी दाट असावी, काठीवरून सलग ओघळणारी. पातळ शाई कागद आणि जाळीच्या मधून पसरते. छताचा पंखा बंद करा: तो कागद उडवतो आणि जाळीतली शाई सुकवतो. वारा हवा तो सुकवायच्या रॅकपाशी. मे महिन्यात हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण पर्याय नाही.

स्क्रीन थोडी उचलून, कागदाला न टेकता, शाई चित्रावरून हलक्या हाताने पसरून घ्या. यात शाई फक्त छिद्रांत भरायची आहे. मग स्क्रीन खाली, स्क्वीजी दोन्ही हातांनी, ६० ते ७० अंशांत कलती धरून आपल्याकडे एका दमात ओढायची. दाब सारखा, वेग सारखा, मध्ये थांबायचे नाही. जाळीतून खरखरीत, सलग आवाज आला की दाब बरोबर. स्क्रीन उचलली की लगेच पुन्हा शाई पसरून ठेवायची, मगच छापलेला कागद काढायचा. भरलेली छिद्रे उघड्या छिद्रांपेक्षा उशिरा सुकतात. पहिल्या तीन-चार प्रती कोऱ्या वर्तमानपत्रावर मारा, त्या नेहमीच फिक्या येतात.

हे काम दोघांचे आहे. एकाने छापायचे, हात शाईचे; दुसऱ्याने कागद लावायचा-काढायचा, हात कोरडे. एकटा माणूस दहाव्या प्रतीला पांढऱ्या समासावर अंगठा उमटवतोच. आणि एकदा सुरू केले की चहाला थांबायचे नाही. थांबावेच लागले तर जाळी पूर्ण शाईने भरून, ओल्या स्पंजने कडा पुसून, दोन मिनिटांत परत या.

दुसऱ्या रंगाच्या जुळणीला सर्वांत भरवशाची पद्धत पारदर्शक फिल्मची. टेबलाच्या एका कडेला फिल्म टेपने बिजागरीसारखी लावा, तिच्यावर निळ्याची एक प्रिंट मारा, मग तिच्याखाली पिवळा छापलेला कागद सरकवून खुणा जुळवा. जुळले की कागद न हलवता त्याच्या कडांना टेकू चिकटवा, फिल्म उलटून बाजूला टाका आणि खरी प्रिंट मारा. पिवळा हाताला पूर्ण कोरडा लागल्याशिवाय निळ्याला हात घालू नका. निळा पारदर्शक असेल तर पिवळ्यावर तो हिरवट काळपट दिसेल. ते हवे असेल तर तिसरा रंग फुकट मिळाला, नको असेल तर निळ्यात थोडा अपारदर्शक पांढरा किंवा काळा घाला.

प्रिंट वाचणे

एकच रेषा प्रत्येक प्रतीला थोडी थोडी बारीक होत गेली तर शाई जाळीत सुकते आहे: रिटार्डर वाढवा, वेग वाढवा, ओल्या स्पंजने खालून टिपा. पहिल्याच प्रतीपासून रेषा नाही, तर ती स्क्रीनमध्येच उघडलेली नाही. छापत राहून ती येणार नाही. ठरावीक जागी तोच ठिपका म्हणजे पिनहोल, मागून टेपचा तुकडा लावा. ठिपका जागा बदलत असेल तर शाईत सुकलेली गुठळी आहे, शाई गाळून घ्या. कड दुहेरी दिसली तर कागद हलला किंवा स्क्वीजी दोनदा ओढली गेली. रंग मध्ये फिका आणि कडांना गडद असेल तर रबर मध्ये झिजले आहे किंवा टेबल सपाट नाही. एका बाजूला फिका असेल तर तुमचाच एक हात कमी दाबतो, उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा बहुधा डावा. जुळणी सगळ्या प्रतींत सारखीच चुकली तर टेकू चुकले; प्रत्येक प्रतीत वेगवेगळी चुकली तर कागद नीट टेकत नाही किंवा जाळी सैल आहे. सैल जाळी स्क्वीजीबरोबर सरकते आणि कितीही काळजी घेतली तरी फसवते. अशा स्क्रीनवर एकरंगी कामे करा.

आवरणे

शेवटची प्रत रॅकवर गेली की लगेच स्क्रीन धुवायची. उरलेली शाई पट्टीने डब्यात परत, मग स्पंज आणि थंड पाणी, दोन्ही बाजूंनी. पाण्यात मिसळणारी ॲक्रिलिक शाई सुकल्यावर पाण्याला दाद देत नाही. सॉल्व्हंटची शाई वापरली असेल तर थिनरच्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, सिंकमध्ये काही ओतू नका, खिडक्या उघड्या ठेवा.

इमल्शन काढायला स्ट्रिपर (सोडियम मेटापरआयोडेटचे द्रावण) दोन्ही बाजूंना ब्रशने लावा, एक-दोन मिनिटे थांबा आणि जोराच्या फवाऱ्याने उडवा. हातमोजे आणि चष्मा घालून. स्ट्रिपर जाळीवर सुकू दिला तर इमल्शन कायमचे बसते आणि नवे कापड ताणावे लागते. छोट्या छापखान्यांत ब्लीचिंग पावडर वापरतात. तिचा वायू बंद खोलीत त्रास देतो, आणि तिच्यात आम्ल मिसळले तर विषारी क्लोरीन सुटतो. कॉलेजमध्ये ती वापरू नका. जाळीवर राहिलेली फिकट सावली छपाईला आड येत नाही. छिद्रे उघडी आहेत ना, एवढे उजेडात धरून पाहा.

प्रती पूर्ण सुकल्या की त्या टेबलावर एका ओळीत मांडा आणि एकमेकींशी ताडून पाहा. छटा किंवा जुळणी वेगळी पडली ती बाजूला. राहिलेल्यांच्या खालच्या समासात पेन्सिलीने डावीकडे क्रमांक (१/१५, २/१५…), मध्ये शीर्षक, उजवीकडे सही आणि साल. चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रतींवर क्रमांकाऐवजी ए.पी. (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहितात, आणि त्या मोजक्याच असाव्यात. पोर्टफोलिओत माध्यमाच्या जागी ‘सेरिग्राफ’ लिहिलेले दिसेल: व्यापारी छपाईपासून चित्रकाराची छपाई वेगळी ओळखता यावी म्हणून १९३० च्या दशकात अमेरिकेत हा शब्द रूढ झाला. ‘स्क्रीन प्रिंट’ लिहिले तरी बिघडत नाही. कागदाचा प्रकार आणि रंगांची संख्या मात्र लिहा, आणि प्रतींच्या मध्ये बटर पेपर घालून त्या आडव्या ठेवा.